मंजुरीच्या रांगेत शोभाताई

माझी किल्ली अजून चालते, हे मला मिलिंदने सांगितलं. रविवारी सकाळी मी पोहे परतत होते तेव्हा त्याचा फोन आला. "गच्ची महिनाअखेरीस बंद करतोय. काय काढून घ्यायचंय ते घे. पासवर्ड तोच आहे तुझा." घाटकोपरचा माणूस, बोलणं कायम असंच, कशी आहेस बिशी आहेस काही नाही. मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले, पोहे खाली लागल्याचा वास आला तेव्हा गॅस बंद केला.

गच्ची म्हणजे खरीखुरी गच्ची नव्हे, वेबसाइट. मोबाइलवरचे ग्रुप यायच्या आधी लोक जिथे जमून लिहायचे, भांडायचे, पाककृती मागायचे, तसली एक. तिच्या नावामागे मात्र खरी गच्ची होती. अंधेरीला आमचं ऑफिस होतं, त्या इमारतीच्या गच्चीवर मी, मिलिंद आणि आणखी दोघं डबे घेऊन बसायचो. डांबर तापलेलं असायचं, खाली वर्तमानपत्र घातलं तरी चटका लागायचा, पण वारा काय सुटायचा! एक दिवस इमारतीच्या सेक्रेटरीने दाराला कुलूप घातलं. मिलिंद जाम भडकला. म्हणाला, आपण आपली गच्ची बांधू, जिची किल्ली आपल्याकडे असेल. आणि पठ्ठ्याने पंधरा दिवसांत बांधली. किल्ल्या दोन, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. त्या सेक्रेटरीला आम्ही किती शिव्या घातल्या होत्या, आणि पुढे आम्हीच सेक्रेटरी झालो, हे तेव्हा कुठे कळत होतं.

नव्याने नाव नोंदवलेला माणूस आधी 'जिन्यावर' असायचा. त्याला सगळं वाचता यायचं, लिहिता फक्त एकाच पानावर यायचं. त्या पानावर त्याने आपल्या खिडकीतून काय दिसतं ते लिहायचं, असा आमचा रिवाज. नाव नको, गाव नको, शिक्षण नको, खिडकी सांगा. मग मी ते वाचायचे, एका यादीत त्याच्या नावासमोर 'जिना' खोडून 'गच्ची' निवडायचे आणि खाली लिहायचे, 'दार उघडलंय, या.' बस. तेवढ्यावर माणूस आमचा व्हायचा. आणि आत आला की वय, हुद्दा सगळं जिन्यावर ठेवून यायचं. गच्चीवर सगळे एकमेकांना तू म्हणायचे. अपवाद फक्त अण्णांचा.

अण्णा मुलुंडचे. बँकेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, कानांनी जवळजवळ काहीच ऐकू न येणारे. फोन त्यांना नकोसा व्हायचा. समोरचा ओरडतो आणि मला तरी कळत नाही, मग दोघांनाही लाज वाटते, असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. गच्चीवर कोणाला ओरडावं लागत नव्हतं, म्हणून त्यांचा सगळा जीव तिथे. 'आज काय दिसलं' नावाचं एक पान त्यांनी सुरू केलं होतं. रोज सकाळी सहाच्या सुमाराला ते तिथे दोन ओळी टाकायचे. शिरीषाच्या शेंगा वाजतायत असं मला दिसतंय, ऐकू येत नाही. समोरच्या टाकीवर घार बसली आहे, ओला पंजा झटकतेय. डोंगरावर कोणीतरी गवत पेटवलंय. मी ऑफिसला निघायच्या आधी चहाचा कप हातात धरून ते वाचायचे. त्या चहाचा, कीबोर्डच्या फटीत अडकलेल्या चिवड्याचा आणि तापलेल्या मॉनिटरवरच्या धुळीचा मिळून एक वास होता. तो आता कुठे येत नाही.

पानाच्या तळाशी एक पट्टी असायची. 'सध्या वाचत आहेत' आणि पुढे नावं. सकाळी पहिलं नाव अण्णांचं. मग एकेक वाढत जायचं. दुपारी जेवणाच्या वेळेला तीस-तीस नावं. गणपतीच्या दिवसांत तर पट्टी दोन ओळींची व्हायची, कारण प्रत्येकाला आपला नैवेद्य सांगायचा असायचा आणि कोणाच्या उकडीला चीर पडली त्यावर पन्नास उपाय यायचे. मी नुसती ती पट्टी बघत बसायचे. कोणी लिहीत नसलं तरी माणसं आहेत, इतकं पुरायचं.

शोभाताई आली ती अशाच एका भाद्रपदात. दहिसरची, मूळ मालवणकडची, नवरा गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर कुठेकुठे नोकऱ्या केलेला. ती स्वतः दिंडोशीच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसायची आणि लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायची. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. गिऱ्हाईक नसेल तेव्हा गच्चीवर. जिन्यावरच्या पानावर तिने लिहिलं होतं:

"माझ्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीची संडासाची पायपां दिसतत. एका पायपात पिंपळ उगवलोहा. चार पानां आसत. लोकांका नदी दिसता, डोंगर दिसता, माका ह्यां दिसता. घ्यायचां तर घेवा."

मी ऑफिसात बसून इतकी हसले की शेजारचा वळून बघायला लागला. लगेच लिहिलं, दार उघडलंय, ये गं बाई. आणि अण्णांनी तिच्याखाली लिहिलं, पिंपळाची खबर देत जा. तेव्हापासून ते चालूच झालं. आठवड्यातून एकदा अण्णा विचारायचे, पिंपळ कसा आहे? आणि ती सांगायची. पाचवां पान इलां. वॉचमन तोडूक गेल्लो, मी वरसून बादलीभर पाणी ओतलंय त्याच्यार. दोघं एकमेकांना वर्षातून एकदाच भेटायची, पण त्या पिंपळाची त्यांनी पोटच्या पोरासारखी चौकशी केली.

वर्षातून एकदा म्हणजे गोराईला. थंडीच्या दिवसांत, म्हणजे आमच्या बोरिवलीत नॅशनल पार्काच्या बाजूने जेवढी येते तेवढ्याच थंडीत, आम्ही गच्चीकर गोराईला जमायचो. जेट्टीवरच्या होडीत डिझेलचा वास, खाडीच्या चिखलाचा वास, आणि पलीकडे उतरलं की काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा. गावातून चालताना एखाद्या घराच्या ओट्यावर बसलेली म्हातारी क्रूसाला फुलं ओवत असायची. सुरूच्या झाडांखाली चादरी अंथरून डबे उघडायचे. शोभाताईच्या डब्यात घावणे आणि नारळाचा रस, तो डबा आधी संपायचा. अण्णा दुकानातले शेंगदाण्याचे लाडू आणायचे आणि स्वतः केले म्हणून सांगायचे. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलायचं नाही. अण्णांना बोलणं कळावं म्हणून शोभाताई वही घेऊन यायची. त्यांच्या शेजारी बसून, कोण काय बोलतंय ते सगळं त्या वहीत भराभर लिहीत राहायची, आणि अण्णा वहीत बघून सगळ्यांच्या अर्धा मिनिट मागून हसायचे. कोर्टात सवय आसा, दुसऱ्याचां लिवची, असं म्हणायची.

आमचा दिवाळी अंक निघायचा त्याचंही सगळं टायपिंग तिचंच. म्हाताऱ्यांनी हाताने लिहून पाठवलेल्या गोष्टी, शाई पसरलेली, ओळी तिरक्या. मी त्या घेऊन दिंडोशीला जायचे. तिचं टेबल म्हणजे एक ताडपत्री, रबरी शिक्क्यांची शाई, डिंकाची बाटली, आणि जुन्या फिती काढून ठेवलेला बिस्किटांचा डबा. शेजारी कोणीतरी बाई डोळे पुसत नवऱ्याविरुद्ध काहीतरी सांगत असायची, शोभाताई मान वर न करता ते टाइप करायची आणि मध्येच मला म्हणायची, जेवलंस? तिच्या बोटांचा तो सलग आवाज. बोलण्यापेक्षा जलद लिहिणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

भांडण कशावरून झालं ते मला खरंच आठवत नाही. सोलकढीत आलं घालावं का, असल्या कशावरून तरी सुरू झालं असणार. मालवणी विरुद्ध बाकीचे, मग कोणी कोणाची जात काढली, कोणी माफी मागितली, कोणी मागितली नाही. मी मध्ये पडले. किल्लीवाली होते ना. मी सगळ्यांना नियम वाचून दाखवले आणि शोभाताईला सगळ्यांसमोर म्हटलं की भाषा सांभाळ. तिने लिहिलं:

"तू कोण गो माका शिकवणारी? किल्ली गावली म्हणान?"

मला ते लागलं. अजून लागतं, कारण खरं होतं. त्या दिवशी दुपारी मी किल्लीवाल्यांचं पान उघडलं, तिच्या नावापुढे गेले आणि एका चौकोनात टिचकी मारली. 'या सदस्याचं लिखाण मंजुरीनंतरच दिसेल.' म्हणजे तिने काही लिहिलं की ते आधी आमच्या रांगेत येणार, आम्ही हो म्हटलं तरच पानावर जाणार. खासगी निरोपही त्यात बंद व्हायचे. खाली एक रिकामी जागा होती, कधीपर्यंत ते लिहायला. मनात ठरवलं, आठ दिवस. म्हटलं, लिहायचं कशाला, आठ दिवसांनी मीच काढेन हाताने.

या चौकोनाची एक खुबी होती. ती मिलिंदला फार आवडायची. ज्याला ही शिक्षा झाली त्याला ती कळायचीच नाही. त्याचं लिखाण त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर नेहमीसारखं दिसायचं. फक्त बाकी कोणाला दिसायचं नाही. भांडखोर माणूस बडबड करतो, कोणी उत्तर देत नाही, आपोआप थंड होतो, असं मिलिंद सांगायचा आणि आम्ही दोघं हसायचो. गावात माणसाला वाळीत टाकतात त्याबद्दल गच्चीवर आम्ही केवढाले निषेधाचे लेख लिहिले होते. आणि आम्हीच हे असं यंत्र बसवलं होतं, ज्यात वाळीत टाकलेल्याला कोणी ते सांगतही नाही. तेव्हा मला त्यात काही वाईट दिसलं नाही. ही लाज मी कुठे ठेवू?

आठ दिवसांनी माझ्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं. मग ऑफिसात वर्षअखेर. मग मी विसरले. दुसरं काही कारण नाही, विसरले. मंजुरीच्या रांगेचा आकडा पानाच्या कोपऱ्यात लाल अक्षरात दिसायचा, पण तिथे तेव्हा औषधांच्या आणि लॉटरीच्या जाहिराती येऊन पडायच्या, शेकड्याने. आम्ही तो लाल आकडा बघायचं सोडून दिलं होतं. मिलिंदला वाटायचं मी बघते, मला वाटायचं तो बघतो.

शोभाताई लिहीत नाही, हे मला दिसत होतं. आणि तळाच्या पट्टीत तिचं नाव दिसत होतं. रोज यायची, वाचायची. मी मनात म्हणायचे, बघा, वाचायला येते पण एक अक्षर लिहीत नाही, रुसली आहे, रुसू दे. त्या वर्षी ती गोराईलाही आली नाही, तेही मी रुसव्यातच धरलं. तिचा फोन नंबर माझ्याकडे होता. पण मीच का फोन करू? चूक तिची होती ना? हे सगळं मी अगदी याच शब्दांत मनाशी बोलले आहे.

अण्णांनी विचारलं. 'आज काय दिसलं'च्या पानावर त्यांनी लिहिलं, शोभाताई बरेच दिवस दिसल्या नाहीत, पिंपळ कसा आहे? काही दिवसांनी परत. मग मला खासगी निरोप पाठवला, तुम्ही शोभाताईंना काही बोललात का? मी उत्तर दिलं, नाही हो अण्णा, रुसल्या असतील, येतील. आणि ते उत्तर पाठवून मी ऑफिसातल्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक खायला गेले.

ते महिन्या-दोन महिन्यांनी विचारत राहिले. चार वर्षांनी अण्णा गेले. त्यांच्या मुलाने पानावर कळवलं. तोपर्यंत गच्चीवर वर्दळ राहिली नव्हती, सगळे मोबाइलमध्ये गेले होते, तळाच्या पट्टीत दोन-चार नावं असायची. अण्णांच्या मागे ते सकाळचं पान कोणी चालवलं नाही. मीही हळूहळू तिथे जायचं सोडलं. किल्ली कोणाला परत दिली नाही, कोणी मागितलीही नाही.

तर त्या रविवारी, करपलेले पोहे तसेच खाऊन, मी लॅपटॉप उघडला. तोच पोपटी रंग. असला रंग आता कोण लावतं! आमचे दिवाळी अंक उतरवून घेतले, गोराईचे फोटो घेतले. शिरीषाच्या शेंगांची दोन ओळींची नोंद वाचली आणि थोडं रडून घेतलं. मग सहज, घर सोडताना माणूस माळ्यावर एकदा हात फिरवतो तसं, त्या लाल आकड्यावर टिचकी मारली.

जाहिराती, जाहिराती, जाहिराती. पानंच्या पानं. त्यांच्या मध्ये एक नाव दिसलं. शोभा. खाली परत, शोभा. मी त्या नावापुरतं शोधलं. त्रेचाळीस.

पहिल्या काहींत ती भांडत होती. दोन दिवसांनी तिने लिहिलं होतं, जावंदे, माझां पण चुकलां, सोलकढी ज्याची त्याका गोड. हे कोणाला दिसलंच नाही. मग पिंपळाची खबर. पहिली दोन वर्षं अण्णांनी विचारलेल्या प्रत्येक ठिकाणी तिचं उत्तर होतं. 'हंयच आसंय अण्णा. पिंपळाक नवी पानां इली.' पुढच्या महिन्यात अण्णा विचारतायत, शोभाताईंची काही खबर? आणि खाली रांगेत तिचं, 'अवो अण्णा, मी लिवतंय तां दिसणा नाय काय तुमका?' आणि मग परत अण्णा, शोभाताई, आहात ना? 'आसंय. हंयच आसंय.' मी ते वाचत गेले. दोन माणसं एकमेकांना हाका मारत होती आणि मध्ये मी होते.

दोन वर्षांनंतरचं एक होतं, चारच ओळींचं. 'आमचे हे काल पहाटे गेले. घरात माणसां भरपूर आसत. पण माका हंयसर सांगूचां होतां. तुमी सगळी ह्यांका ओळखीत होतास, माझ्या लिवण्यातसून.' त्याखाली आठ दिवसांनी आणखी एक होतं. 'वाचलास काय कोणी?'

त्यानंतरची थोडीच. बिल्डिंग पाडणार आहेत. पिंपळ तोडला. शेवटचं अण्णांच्या मुलाने कळवलं त्याखाली होतं, नुसतं अण्णांचं नाव, पुढे काही नाही.

वाट लागली माझी, दुसरं काय सांगू. मी एकेक करत ती त्रेचाळीसही मंजूर केली. ती सगळी आपापल्या तारखांना, आपापल्या जागी जाऊन बसली. आता अण्णांचं पान उघडलं तर ते विचारतायत आणि ती सांगतेय, अगदी सरळ चालू असलेल्या गप्पा. कोणी नव्याने वाचलं तर कळणारही नाही की इथे काही घडलं होतं. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मग फोन लावला. नंबर तोच होता. मी म्हटलं, शोभाताई, मी गच्चीवरची, तुम्हाला भेटायला येऊ का? तिने आवाज ओळखला. मग म्हणाली, तुमी कधीपासून म्हणूक लागलंस? ये.

दहिसरला तिची जुनी बिल्डिंग होती तिथेच आता टॉवर झालाय. चौदावा मजला. मेट्रोचे खांब, चेकनाका, नदीची बारीक रेघ, सगळं तिच्या खिडकीतून दिसतं. केस पूर्ण पांढरे झालेत, गुडघे दुखतात म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळी कामं करते. मुलगा-सून कामाला गेलेले. तिने चहा ठेवला, तिखट शेव काढली. मी चहाला हात लावायच्या आधीच सांगितलं. चौकोन, आठ दिवस, जाहिराती, विसरणं, सगळं. तिला त्यातलं तांत्रिक किती कळलं कोण जाणे. ती माझ्याकडे बघत नव्हती, शेवेच्या बशीकडे बघत होती.

मग तिने एकच विचारलं.

"म्हणजे हे गेल्याचां लिवलेलां कोणीच वाचूक नाय?"

"कोणीच नाही, ताई."

"बरां झालां," ती म्हणाली. "माका वाटलां, सगळ्यांनी वाचल्यानी नि गप रवली."

नऊ वर्षं तिने हे धरून ठेवलं होतं. मी चुकलं म्हटलं, दोनदा म्हटलं. तिने चुकलां तां चुकलां असंही म्हटलं नाही, असू दे असंही नाही. ती रागावली होती आणि तिचा तो हक्क होता. हळूहळू बोलायला लागली. कोर्टातल्या एका कॉम्प्युटरवाल्याला तिने दाखवलं होतं की माझं लिहिलेलं लोकांना दिसत नाही वाटतं. त्याने बघून सांगितलं, मावशी, दिसतंय की, हे काय! तिच्या स्क्रीनवर दिसतच होतं. मला फोन करायला तिने दोनदा नंबर काढला होता, पण भांडण माझ्याशीच झालेलं. मग तिला वाटलं, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आणि अण्णा तर दर वेळी समोर उत्तर असताना विचारतात, शोभाताई कुठे आहेत, म्हणजे तेही थट्टा करतायत.

अण्णा गेल्याचं तिने वाचलं त्या दिवशी ती मुलुंडला जायला निघाली होती. गोराईची ती वही पिशवीत घातली होती, अण्णांच्या मुलाला द्यायला. बसस्टॉपवर उभी राहिली.

"दोन बशी सोडलंय," ती म्हणाली. "मगे म्हटलंय, जेनी माझी थट्टा केल्यानी, तेच्या दारात कित्याक जाऊ? नि परत इलंय."

खिडकीतून मेट्रोचा आवाज आला आणि गेला. चहावर साय धरली होती. वही कुठे आहे असं मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मग तिने माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "हाडलंस मा? दाखय."

मी लॅपटॉप उघडला. ती म्हणाली, आधी तो चौकोन दाखव. मी किल्लीवाल्यांचं पान काढलं, तिचं नाव शोधलं. त्या चौकोनात अकरा वर्षांची बरोबरची खूण तशीच होती. त्रेचाळीस मंजूर केली, पण ही खूण काढायचं मला त्या रविवारी सुचलं नव्हतं. मी तिच्यासमोर टिचकी मारली. खूण गेली.

"येवडांच?"

"एवढंच, ताई."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, अण्णांचं शेवटचं काय होतं ते वाच. मी वाचलं. 'शोभाताई, एकदा तरी या. माझं काही चुकलं असेल तर सांगा. पिंपळ कसा आहे?' तारीख त्यांच्या जाण्याच्या तीन आठवडे आधीची. त्याखाली तिचं काही नव्हतं. तोवर तिने उत्तरं देणं बंद केलं होतं.

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. स्वतःचं नाव घातलं, पासवर्ड घातला, एकदाही न अडखळता. मग बोटं ठेवली. सांधे सुजलेले, अंगठी बोटात रुतलेली, पण तोच सलग आवाज. चारच शब्द होते, लगेच संपले. 'नाय अण्णा, रागावूक नाय.' आणि पाठवलं.

ते पानावर लगेच उमटलं. ती माझ्याकडे वळली.

"आता दिसता मा, सगळ्यांका?"

मी माझ्या फोनवर तेच पान उघडून तिच्यासमोर धरलं. दिसत होतं. त्याखाली ती जुनी पट्टी होती, 'सध्या वाचत आहेत'. तिथे दोन नावं होती. तिचं आणि माझं.